बंद वाड्यांची हिवाळी निगा

(नातेपुते येथे ज्ञातिसंघाच्या कोजागरीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी या वर्षी मला चार शब्द बोलावयास सांगितले आणि विषयाची निवड माझ्याकडेच सोपविली. अशा मेळाव्यांतून शिक्षण, हुंडा, वधूवरसूचन, व्यसनमुक्ती या विषयांवर व्याख्याने होतात आणि ती व्हावयासच हवीत. परंतु आज मी आपल्या घरांविषयी, आणि तीही राहत्या नव्हे तर बंद घरांविषयी, बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडिलोपार्जित वाडे या गावात, धर्मपुरीस, माळशिरसला, वेळापूरला अथवा वर फलटणच्या बाजूस आहेत. मालक पुण्यास, मुंबईस, सोलापुरास. कित्येकांची मुले तर समुद्रापलीकडे. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी येथे मुक्कामास येते तेव्हा वाडा उघडतो, दिवाळीत उघडतो, आणि ज्यांचे कुलदैवत शिंगणापूरचा शंभूमहादेव आहे त्यांचा चैत्रात एखादा दिवस उघडतो. एरवी दारास कुलूप. त्या कुलपामागे वास्तूचे काय होते आणि कार्तिकापासून माघापर्यंतचे चार महिने आपण तिच्यासाठी कसे वापरावेत, एवढाच माझा विषय आहे.

हिवाळाच का, असा प्रश्न कोणी विचारील. घर पडते ते पावसाळ्यात, तेव्हा काळजी पावसाळ्याची करावी, असे सर्वसाधारण मत आहे. कोकणात ते खरे असेल. आपला मुलूख अवर्षणाचा. येथे मृगाचा पाऊस बहुधा हुलकावणी देतो आणि खरा पाऊस पडतो तो भाद्रपद-आश्विनात. सप्टेंबर हा आपल्या जिल्ह्यातील सर्वांत अधिक पावसाचा महिना होय. याचा अर्थ असा की भिंती आणि माळवदे पोटभर पाणी पिऊन हिवाळ्यात प्रवेश करतात. त्याच सुमारास दिवाळी येते, मंडळी गावी येतात, चार दिवस फराळ-फटाके होतात, आणि भाऊबीज उरकली की ओल्या भिंती आत कोंडून दाराला कुलूप ठोकून परत जातात. पावसाने जेवढी हानी झाली नसेल तेवढी या कुलपाने होते. ओल बाहेर पडावयास वाट नाही, ऊन आत यावयास वाट नाही, आणि अंधार, ओल व निवांतपणा या तीन गोष्टी वाळवीला मिळाल्या की तिला आणखी काहीही लागत नाही.

थंड देशांत ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली गेली आहे. इंग्लंडात १८९५ साली स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट नावाचा न्यास आहे. त्याच्या ताब्यात शेकडो जुनी घरे आहेत. त्यांपैकी पुष्कळ घरे हिवाळ्यात प्रेक्षकांना बंद असतात. तेव्हा सामानावर चादरी घालतात, पडदे ओढतात, ग्रंथ एकेक करून झाडतात. या कामाला तिकडे ‘घर निजविणे’ म्हणतात. घरे थोडी उबदारही ठेवतात, पण ती माणसांसाठी नव्हे. हवेतील दमटपणा ठराविक मर्यादेत राहावा एवढ्यासाठी. तिकडचे दुसरे संकट म्हणजे नळातले पाणी गोठते. पाणी गोठले की सुमारे एक अकरांशाने फुगते आणि नळ फोडते, म्हणून रिकाम्या घरातले पाणी आधी काढून टाकतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, बर्फ पडत नाही. आपला हिवाळा कोरडा, दिवसा ऊन आणि पहाटे हुडहुडी. म्हणजे जो ऋतू त्यांना शत्रू आहे तो आपल्याला मित्र आहे. त्यांनी घर निजवावे. आपण या दिवसांत ते जागे करावे.

वाडे रिकामे का झाले याच्या खोलात मी शिरत नाही. १९५० च्या सुमारास वतने गेली, १९५७ साली कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि ते न्याय्यच झाले. १९७२ च्या दुष्काळाने उरलेसुरले हलले. मुले शिकली, ती नोकरीच्या मागे गेली. माझ्याच हाताखालून गेलेली मुले आज कोठकोठे आहेत हे मोजावयास गेलो तर मला अभिमान वाटतो. तेव्हा ‘गावाकडे परत चला’ असा उपदेश मी करणार नाही. तो कोणी ऐकतही नाही.

राहते घर का टिकते याचा थोडा विचार करू. घरात माणूस असला की पहाटे दार उघडते. चुलीचा धूर साण्यातून वर जाता जाता तुळया, कड्या, किलचा या सर्वांना धुरी देतो. त्या धुराने काळे झालेल्या लाकडास किडा सहसा शिवत नाही. जमीन सारवली जाते तेव्हा कोपरा न् कोपरा डोळ्यांखालून जातो. पहिल्या सरीला कोठे थेंब टपकला तर आजीबाई तेथे पातेले ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगा माळवदावर चढतो. या सर्वांत कोणी ‘निगा’ म्हणून काही करीत नव्हते. राहणे हीच निगा होती. घर बंद झाले की ही सर्व कामे एकाच दिवशी थांबतात. तेव्हा बंद वाड्याची निगा म्हणजे राहण्याने जे आपोआप होत होते ते ठरवून, वार लावून करणे.

पहिली गोष्ट हवेची. दिवाळीस आलेल्या मंडळींपैकी कोणी तरी पंधरा दिवस मागे राहावे, अथवा किल्ली विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. सकाळी दव हटून ऊन चांगले तापल्यावर, दहाच्या सुमारास, दिंडी दरवाजा, परसदार आणि माडीची कवाडे समोरासमोर उघडावीत आणि दिवस कलण्यापूर्वी, चार-पाचला, बंद करावीत. पहाटेची दमट हवा आत घेण्यात लाभ नाही. सोप्यातील आणि माजघरातील सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढावे. देव्हाऱ्यामागे, तसबिरींमागे, बळदाच्या तोंडाशी हात लावून पाहावा. गार आणि चिकट लागले तर तेथे ओल आहे. पेव असेल तर ते उघडून हवा खेळू द्यावी, परंतु लगेच आत उतरू नये. बंद पेवातील कोंडलेल्या हवेने माणसे गुदमरून मेली आहेत. मार्गशीर्षापर्यंत असे केले की भिंती हलक्या होतात. हलक्या हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. ओल्या भिंतीचे वजन खरोखरच अधिक असते.

आता माळवद. येथे मला थोडा अधिक वेळ लागेल, कारण आपल्या वाड्यांचे जगणे-मरणे बहुतांशी माळवदावर आहे. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यांवर पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरीची माती, अशी ही रचना आपणा सर्वांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात याखाली जो गारवा मिळतो तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. परंतु या रचनेत एक खोड आहे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी भेगा बुजविण्यासाठी वर नवी माती टाकतात आणि जुनी कोणी काढीत नाही. बापाने टाकली, आज्याने टाकली, पणज्याने टाकली. माळवद वीतभराचे हातभर होते. आमच्या शाळेतील गणित करून पाहा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा खणावर एक फूट माती असेल तर ती शंभर घनफूट झाली. दाबलेल्या मातीचे वजन घनफुटास पंचेचाळीस किलो धरले तरी साडेचार टन होतात, आणि पाऊस झाला की त्यात पाण्याची भर. एवढे ओझे ज्या तुळईने शंभर वर्षे वाहिले ती तुळई भिंतीत जेथे टेकलेली आहे तेथेच नेमकी आतून कुजते, कारण ते टोक ओल्या भिंतीत गाडलेले असते आणि डोळ्यांस दिसत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, आणि किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील (आजचे धाराशिव) गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली. आपल्याकडेही भांडी हलली, माणसे अंगणात धावली. त्या वेळी जाणत्या लोकांनी जे सांगितले ते आपण येथे ऐकून सोडून दिले. माणसे मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि जड माळवदे यांखाली. आपल्या भिंती बाहेरून अखंड दिसतात, पण त्या दोन पदरी असतात. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मध्ये चिखल व चिपांची भरती. त्या भरतीत पाणी मुरले की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येते. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे दगड मधून मधून घालावेत, आणि माळवदावरील जादा माती काढून ओझे कमी करावे, असे त्या भूकंपानंतर सांगण्यात आले. भूकंप येवो न येवो, जादा मातीचा भार उतरविण्याने वाड्याचे आयुष्य वाढते यात शंका नाही.

हे काम पौषात करावे. तेव्हा माती कोरडी असते, उचलावयास हलकी असते, आणि खाली काम करणाऱ्यास ऊन बाधत नाही. आधी खालून तुळयांना टेकू द्यावेत. मग दोन्ही बाजूंनी सारखी सारखी माती काढावी. एका बाजूची काढून दुसरीकडे ढीग लावला तर तोच ढीग घात करतो. थर पातळ झाला की उताराची पन्हळांच्या दिशेने पुन्हा नीट बांधणी करावी. काही ठिकाणी मातीच्या दोन थरांमध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, त्यानेही पाणी अडते. पन्हळांची तोंडे साफ करावयाची ती मात्र पौषाची वाट न पाहता दिवाळीतच करावीत, कारण आजकाल अवकाळीचा भरवसा नाही. २०१४ च्या फाल्गुनात झालेली गारपीट आपण पाहिलीच आहे. आणखी एक सांगतो. माळवदावर प्लॅस्टिकची पाण्याची टाकी बसविण्याची चाल आली आहे. हजार लिटरची टाकी भरली म्हणजे एक टन वजन एकाच जागी बसले. ती अंगणात चौथरा बांधून ठेवावी, आणि गावास जाताना रिकामी करावी.

पांढऱ्या मातीची गोष्ट निघाली म्हणून मनातले एक दुःखही बोलून टाकतो. ही माती आणावयाची कोठून? तर गावच्या गढीतून. अनेक गावांतील गढ्या शत्रूने पाडल्या नाहीत. आपल्या माळवदांसाठी गावकऱ्यांनीच त्यांचे पोट कोरले. बुरूज वर तरंगतो आहे आणि खाली गुहा झाली आहे, असे दृश्य मी अनेक ठिकाणी पाहिले. तेव्हा नव्या मातीसाठी कुदळ घेऊन गढीकडे जाऊ नये. वरची काढलेली जुनी मातीच चाळून पुन्हा वापरता येते.

चुना आणि सिमेंट यांचा वाद आपल्याकडे नेहमी निघतो. माझ्या आळीतील एका वाड्याची हकीकत सांगतो. नाव घेत नाही, कारण मालक येथे बसलेले असण्याचा संभव आहे. घरात लग्न निघाले, तेव्हा वाडा चांगला दिसावा म्हणून त्यांनी रस्त्याकडील सर्व भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करून रंग दिला. लग्नाच्या फोटोत भिंत फार सुंदर आली. दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी आतून पुरुषभर उंचीपर्यंत लोणा फुटला. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर जात होती, ती आता सिमेंटाने अडल्यामुळे आतच वर वर चढत होती. वाडा बंद, पाहणार कोण? पाचव्या वर्षी आश्विनात तीन दिवस झड लागली, आणि एका रात्री बाहेरचा पदर गिलाव्यासकट अख्खा शेजारच्या गोठ्यावर कोसळला. त्यात एक दुभती गाय गेली. शेजारी आपल्या ज्ञातीचा नाही, गरीब आहे. मालक पुण्याहून आले, गाईची किंमत त्यांनी दिली, हे मान्य केले पाहिजे. पण त्या गोठ्यात त्या माणसाचा नातू रोज अभ्यासास बसत असे, आणि त्या रात्री तो मामाकडे गेला होता. बंद वाडा हा केवळ मालकाचा प्रश्न नाही हे मला त्या दिवशी पुरते समजले.

चुन्याचे काम करावयास हिवाळ्यासारखा ऋतू नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून तो मुरू द्यावा, वाळूबरोबर तो चांगला मळावा, आणि लावल्यावर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. चुना हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही. वैशाखाच्या उन्हात तो भाजून भुगा होतो आणि श्रावणात वाहून जातो. पूर्वी बैलाच्या घाणीवर चुना मळीत, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ घालीत. घाणीचे ते दगडी चाक आजही कित्येक ठिकाणी पडलेले दिसेल. आज ते सर्व जमणार नाही, हे मला कळते. परंतु निदान जुन्या भिंतीवर सिमेंट थापू नये एवढे तरी जमावे. चुन्याचे काम येणारा गवंडी मिळत नाही अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण पाच वाडे मिळून एकाच वेळी बोलावले तर दूरचा गवंडीही येतो, एका वाड्यासाठी तो येत नाही. भिंतीत भेग दिसली तर घाबरून लगेच बुजवू नये. तिच्यावर चुन्याची बारीक पट्टी आडवी ओढून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे आणि जाणत्यास दाखवावयास हवी. न तडकली तर ती जुनी जखम आहे.

पावसाळ्यात भिंतीच्या सांध्यांतून पिंपळ, वड, उंबर यांची रोपे उगवतात. पक्षी बी आणून टाकतात. पिंपळाला हात लावावयास आपल्याकडे माणूस कचरतो. त्या भावनेची मी थट्टा करीत नाही. पण वीतभर रोप असताना, भिंत अजून ओलसर आहे तोवर, कार्तिकातच ते मुळासकट अलगद सुटते. ते नेऊन ओढ्याकाठी अथवा एखाद्या पारावर लावावे. धर्मही राहील आणि भिंतही राहील. नुसते वरून छाटले तर ते दुप्पट जोमाने फुटते. मनगटाएवढे झाले असेल तर मात्र ओढू नये. मुळांनी दगड धरून ठेवलेले असतात आणि झाडाबरोबर भिंत हातात येते. तेथे माहीतगारच हवा.

लाकडाविषयी थोडक्यात सांगतो. आपले खांब दगडी उथाळ्यांवर उभे आहेत ते शोभेसाठी नव्हे. लाकडाचा जमिनीशी संबंध येऊ नये म्हणून. त्या उथाळ्याभोवती केर, पोती, जुन्या विटा साठू दिल्या की वाळवीला पूल मिळतो. तिच्या मातीच्या नळ्या दिसताच मोडाव्यात, आणि वर्दळ पुन्हा दिसली तर औषध घालणाऱ्यास बोलवावे. कोरलेल्या लाकडास तेलरंग फासू नये. जवसाचे तेल पातळ हाताने, लाकूड पूर्ण सुकल्यावर लावावे. माघात ज्वारी निघाली की कडबा ठेवावयास शेजारीपाजारी बंद वाड्याचा चौक मागतात, आणि भिडेखातर आपण देतो. तो देऊ नये. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, विश्रामबागवाड्याचा भाग १८७९ साली जळाला. तेथे तर माणसांचा राबता होता. आपल्या बंद वाड्यात विजेची तार उंदराने कुरतडली तर पाहावयासही कोणी नाही. निघताना मुख्य खटका बंद करावा. जुन्या दारांचे आणि खांबांचे सागवान विकत घेणारे लोक आता मोटारी घेऊन हिंडतात. एक खांब काढला तरी सबंध खणाचे ओझे शेजारच्यावर पडते, हे विकणाऱ्यास ते सांगत नाहीत.

वाड्यात आणखी एक वस्ती असते, ती कागदांची. बळदाशेजारच्या कोनाड्यात, माळ्यावरच्या पेटीत, मोडी लिपीतील रुमाल, खतावण्या, वंशावळी पडून आहेत. मोडी शाळांतून गेल्यास कित्येक दशके लोटली, म्हणून घरच्यांना ते रद्दी वाटतात. इतिहासाचार्य राजवाडे अशीच दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले, आणि १८९८ साली त्यांचा साधनांचा पहिला खंड निघाला. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यातील दप्तर अशाच रीतीने पुढे अभ्यासकांस मिळाले. आपल्या घरी काही पेशव्यांचा पत्रव्यवहार नसेल; पण कोणत्या साली दुष्काळ पडला, विहिरीस किती खर्च आला, कोणास धान्य उसने दिले, हे त्यात असते, आणि गावाचा इतिहास यापेक्षा वेगळा नसतो. पौषातील कोरड्या हवेत हे रुमाल सावलीत मोकळे करावेत, थेट उन्हात नव्हे. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून कोरड्या पेटीत, भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावेत. सांभाळणे शक्य नसेल तर पुण्यास १९१० सालापासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. रद्दीवाल्यापेक्षा ते बरे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. वाळवी, पिंपळ, लोणा यांवर उपाय आहेत. हिस्सेदारांवर उपाय सापडलेला नाही. एका वाड्याचे सात वारस; तिघांचे एकमेकांशी बोलणे नाही; एक म्हणतो विका, दुसरा म्हणतो वडिलांची आठवण आहे, विकू नका, पण दुरुस्तीचा पैसा कोणीही देत नाही. सही केली तर आपला हक्क जाईल ही भीती. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. हक्क सोडण्याच्या कागदावर सही हवी असते तेव्हा भावांना बहिणीचा पत्ता बरोबर सापडतो. किल्ली कोणाकडे ठेवावी हा विचार निघाला की मात्र ती आठवत नाही. वास्तविक अनेक घरांत सर्वांत जवळ राहणारी तीच असते, अकलूजला किंवा फलटणला दिलेली. आज समोर बसलेल्या भगिनींपैकी काहींनी हे मनात म्हटले असेल, ते मी मोठ्याने म्हणून टाकले.

सरकार काही करील या आशेवर राहू नये. प्राचीन स्मारकांचा कायदा महाराष्ट्रात १९६० पासून आहे, आणि संरक्षित स्मारकांना पालक मिळावेत म्हणून योजनाही झाली. परंतु आपला वाडा त्या यादीत नाही आणि येणार नाही. दुसरीकडे, प्रत्येक वाडा राखलाच पाहिजे असेही माझे म्हणणे नाही. ज्याच्या तुळया खचल्या आहेत, ज्याच्या भिंती रस्त्यावर झुकल्या आहेत, तो शेजाऱ्याचा जीव जाण्यापूर्वी रीतसर परवानगी घेऊन उतरवून घ्यावा. त्याचे चांगले लाकूड दुसऱ्या वाड्याच्या दुरुस्तीस द्यावे. संघातील काही तरुण म्हणतात की सगळेच वाडे पाडून तेथे मंगल कार्यालय बांधावे. एखादे बांधा. पण फलटणचा मुधोजी मनमोहन राजवाडा पाहून या. तो उभा आहे, कारण तो वापरात आहे. वारीत आपल्याच चार वाड्यांत दिंड्या उतरतात, त्या चार वाड्यांची स्थिती बाकीच्यांपेक्षा चांगली आहे हे मी दर वर्षी पाहतो. वर्षातून एक रात्र शे-दोनशे माणसे येणार म्हणून का होईना, मालक ज्येष्ठात छप्पर पाहून घेतो.

तेव्हा संघाच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी योजना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. ज्यांचा वाडा बंद आहे त्यांनी एक किल्ली आणि सर्व हिस्सेदारांच्या, बहिणी धरून, सह्यांचे पत्र संघाकडे द्यावे. पत्रात एवढेच असेल की संघाच्या माणसांस पाहणी व साफसफाईसाठी आत जाण्याची मुभा आहे, आणि त्यामुळे कोणाचाही हक्क निर्माण होत नाही वा कमी होत नाही. मजकूर एका वकील बंधूंनी तपासून दिला आहे. आम्ही सेवानिवृत्त मंडळी आळीपाळीने दर रविवारी दहा ते चार दारे उघडू. प्रत्येक वाड्याची एक वही राहील. तीत तारीख, कोठे ओल, कोठे वाळवी, भेगेवरची पट्टी शाबूत की तडकलेली, पन्हळ साफ की तुंबलेली, हे लिहिले जाईल, आणि महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो मालकाच्या मोबाइलवर जाईल. दुरुस्तीचा खर्च मालकाचा. संघ फक्त गवंडी एकत्र बोलावील. माळवदाची माती उतरविण्याचे काम पौषात, ज्यांची संमती आली असेल त्या वाड्यांचे एका पाठोपाठ एक होईल.

पत्राचे छापील नमुने बाहेर दुधाच्या पातेल्यांशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. दिवाळीत सर्व भावंडे एकत्र येतील तेव्हाच सह्या घ्याव्यात, नंतर ती पुन्हा जमत नाहीत. किल्ल्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत संघाच्या कार्यालयात पोहोचाव्यात. किल्लीस चिठ्ठी बांधून तिच्यावर आळी आणि घराचे नाव लिहावे, कारण गेल्या वर्षी नुसत्याच आलेल्या तीन किल्ल्या कोणत्या दाराच्या आहेत हे अद्याप आम्ही शोधीत आहोत.